मागच्या बाजूची खोली : तुर्भ्यात दोन रात्री

शुक्रवार

आईची पंचाहत्तरी डिसेंबरात झाली आणि तिला कुठेतरी राहायला न्यायचे हे आम्ही भावंडांनी तेव्हाच ठरवले होते. अडले होते ते ठिकाणावर. महाबळेश्वरला जायचे तर घाट लागतो आणि घाटात तिला मळमळते. कोकणात मामाकडे न्यावे, तर दुसऱ्याच दिवशी ती पदर खोचून स्वयंपाकघराचा ताबा घेणार. शिवाय गुडघ्यांमुळे जिना चढावा लागणारा कोणताही मुक्काम आपोआप बाद होत होता. शेवटी मीच सुचवले की ठाण्यात नौपाड्यातल्या आपल्या घरापासून फार लांब न जाता नवी मुंबईतल्या एखाद्या मोठ्या हॉटेलात दोन रात्री राहावे. "अर्ध्या तासावर राहायला जायचं? लोक काय म्हणतील?" असे तिने विचारले. लोकांना सांगायचेच नाही असे ठरले, तेव्हा ती तयार झाली.

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार निवडला, कारण त्या दिवशी माझ्या बँकेला सुट्टी असते. दरांचाही हिशेब होताच. ठाणे–बेलापूर रस्त्यावरची मोठी हॉटेले कामानिमित्त येणाऱ्या मंडळींच्या जिवावर चालतात. ही मंडळी सोमवारी उतरतात, शुक्रवारी दुपारी बॅगा घेऊन घरची वाट धरतात आणि मग शनिवार-रविवारसाठी खोल्यांचे दर खाली येतात. आम्ही घेतलेल्या खोलीचा मंगळवारचा दर अकरा हजारांच्या वर दिसत होता, तोच शुक्रवार-शनिवारसाठी न्याहारीसह ७,२०० रुपये होता. मात्र नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये मोठा सामना किंवा गाण्यांचा कार्यक्रम असला की हे गणित उलटते. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम तिथे झाले, तेव्हा या भागातल्या हॉटेलांचे दर कुठच्या कुठे गेले होते. त्यामुळे मी आधी स्टेडियमचे वेळापत्रक पाहिले आणि मग हॉटेलांचे दर.

अशा हॉटेलाला आपण सरसकट पंचतारांकित म्हणून मोकळे होतो. वास्तविक हे तारे केंद्रीय पर्यटन मंत्रालय देते, तेही हॉटेलने स्वतःहून अर्ज केला तर आणि पाच वर्षांपुरते. अनेक महागडी हॉटेले या भानगडीत पडतच नाहीत, त्यांचे काम साखळीच्या नावावर भागते. आमच्या हॉटेलाच्या दारावर किती तारे होते ते मी पाहिले नाही. आईने मात्र दारातल्या पितळी कुंड्या किती घासलेल्या आहेत ते पाहिले आणि मान डोलावली.

ठाणे स्थानकातून दहा नंबर फलाटावरून पावणेचारची गाडी मिळाली. त्या वेळी गाडीला अजून गर्दी नसते. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे आणि तुर्भे, असा हा सगळा अर्ध्या तासाच्या आतला मामला. तुर्भ्याला उतरून रिक्षा केली आणि इथेच माझा अंदाज चुकला. हॉटेलच्या फाटकाशी सुरक्षारक्षकाने हात आडवा केला आणि रिक्षा आत जात नाही असे अतिशय नम्रपणे सांगितले. आमच्या पुढची मोटार डिकी उघडून, खालून आरसा फिरवून आत सोडण्यात आली. आम्ही मात्र चाकांची बॅग ओढत पोर्चची चढण पायी चढू लागलो. रिक्षाने येणाऱ्याने इथे काय करायचे असते, याचा विचार फाटक बांधणाऱ्याने केलेला दिसत नव्हता. आम्ही निम्म्यावर पोहोचलो तेव्हा वरून एक मुलगा धावत आला, बॅग घेतली आणि आईला हात दिला. आत थंडगार टॉवेल आणि कोकम सरबत मिळाले, तेव्हा आईने फाटकाला माफ केले. मी नाही केले.

रिसेप्शनवर दोघींची आधार कार्डे दाखवावी लागली. शिवाय माझ्या क्रेडिट कार्डावर तीन हजार रुपये अडकवून ठेवण्यात आले. ते कापले जात नाहीत, खोली सोडल्यावर काही दिवसांत मोकळे होतात, हे मला आईला दोनदा समजावून सांगावे लागले. "म्हणजे विश्वास नाही," असे तिने एका वाक्यात आटोपले.

सहाव्या मजल्यावरची आमची खोली पुढच्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूची होती. खाली पोहण्याचा तलाव आणि हिरवळ, पलीकडे ठाणे–बेलापूर रस्ता, त्याला लागून रुळ, रुळांपलीकडे कोपरखैरण्याच्या इमारतींची दाटी आणि अगदी शेवटी, उन्हे कलल्यावर चमकणारी खाडीची एक पट्टी. गाड्या येता-जाताना दिसत होत्या पण त्यांचा आवाज येत नव्हता. आईने दाराजवळच्या खाचेत कार्ड घालून दिवे लागतात हे दोन वेळा करून पाहिले, पलंगाची गादी मुठीने दाबून पाहिली आणि मग ती न्हाणीघराकडे वळली.

न्हाणीघर आणि खोली यांच्या मध्ये काच होती. पलंगावर बसल्या बसल्या शॉवर दिसत होता आणि शॉवरखाली उभे राहिल्यावर अर्थातच पलंग. आई काही वेळ त्या काचेसमोर उभी राहिली. "न्हाणीघराला काचेची भिंत घालायचं कोणत्या शहाण्याला सुचलं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. एवढेच माहीत होते की छोटी खोली मोठी भासावी आणि आतल्या भागाला उजेड मिळावा म्हणून ही पद्धत आली. पडदा खाली आणणारे बटण शोधण्यात दहा मिनिटे गेली. ते पलंगाच्या उशाशी, वाचनाच्या दिव्याच्या बटणांमध्ये होते. म्हणजे अंघोळ करणाऱ्याची लाज पलंगावर बसलेल्याच्या हाती. रात्री झोपताना दिवा मालवायला म्हणून आईने तेच बटण दाबले आणि पडदा हळूहळू वर गेला, तेव्हा आम्ही दोघी अंधारात बराच वेळ हसत होतो.

जेवायला खालच्या उपाहारगृहात गेलो. आईने वरणभात मिळेल का असे विचारले. वाढपी मुलगा आत जाऊन आला आणि तूप, लिंबू, मेतकुटासकट साग्रसंगीत ताट घेऊन आला. मेतकूट स्वयंपाकघरातल्या एका आचाऱ्याच्या घरचे होते, असे त्याने सांगितले. बिलात दहा टक्के सेवा शुल्क आधीच जोडलेले होते. असे शुल्क ग्राहकावर लादता येत नाही, हे मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. मी तसे सांगताच ते काहीही न बोलता काढण्यात आले, त्यावरून त्यांनाही ते माहीत असावे. आईने त्या वाढप्याच्या हातात शंभराची नोट ठेवली. ती मेतकुटासाठी होती.

शनिवार

न्याहारीचे दालन सात वाजता उघडते आणि आई सातला पाच कमी असताना दारात उभी होती. पन्नास-साठ पदार्थ मांडलेले पाहून माणूस गोंधळतो आणि सगळ्यातले थोडेथोडे घेऊन शेवटी कशाचीच चव लक्षात राहत नाही. आईची पद्धत वेगळी निघाली. तिने रिकामी ताटली हातात घेऊन आधी सगळीकडे एक फेरी मारली, झाकणे उघडून पाहिली, नाचणीच्या इडलीपाशी थांबून आचाऱ्याला पीठ किती तास आंबवले ते विचारले, आणि मग फक्त तीन गोष्टी घेतल्या : इडली, पपई आणि मिसळ. मिसळ तिने घेतली ती परीक्षा पाहण्यासाठी. ठाणेकरांना या बाबतीत मामलेदारच्या झणझणीत मिसळीची सवय आहे. इथल्या मिसळीवर तर्री होती पण ती नुसत्या रंगापुरती. तिखट सोसत नाही अशा पाहुण्याला धक्का लागू नये इतक्या बेताने केलेली. "रुग्णालयातली मिसळ," असा निकाल देऊन तिने ती संपवली, कारण ताटात टाकायचे नाही.

साडेनऊला आम्ही खोलीत परतलो तेव्हा हाउसकीपिंगची ढकलगाडी शेजारच्या दारापाशी होती. आईने घाईघाईने आमच्या पलंगावरची चादर ओढून, कोपरे खोचून ठेवायला घेतले, तेवढ्यात पर्यवेक्षक दारात आला. चाळिशीचा, उंच, छातीवर नावाची पट्टी. "आजी, राहू द्या," तो म्हणाला, "तुम्ही घातलेली चादर मला परत काढूनच बघावी लागेल." मग त्याने तिला कसे करतात ते दाखवले. दुलई थेट अंगाला लागू नये म्हणून तिच्या खाली एक आणि वर एक चादर असते. पायाकडच्या कोपऱ्याची घडी पंचेचाळीस अंशांत, पाकिटाच्या तोंडासारखी दुमडून गादीखाली सरकवायची आणि वरून हाताच्या कडेने रेघ ओढल्यासारखा दाब द्यायचा. एका पाळीत एक माणूस चौदा खोल्या करतो. आईने हिशेब केला : तासाला दोनाच्या आसपास, मध्ये जेवण. "आणि कंबर?" तिने विचारले. तो हसला.

बोलता बोलता कळले की तो घणसोली गावचा. त्याच्या आजोबांची भातशेती होती आणि भात निघाल्यावर खाडीत मासेमारी. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० साली स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जासईच्या बाजूला गोळीबार होऊन पाच शेतकरी गेले, आणि त्यानंतर कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. हा इतिहास त्याने काही सांगितला नाही. त्याने एवढेच सांगितले, "साडेबारा टक्क्यांतला आमचा भूखंड चार काकांत वाटला, मग इमारत झाली, मग माझ्या वाट्याला दोन खोल्या आल्या. एक भाड्याने दिलीय." असे म्हणत तो आमच्या उशा थोपटत होता.

तलावाकाठी तासभर बसलो. नायलॉनच्या पोशाखाशिवाय पाण्यात उतरता येत नाही अशी पाटी होती आणि आमच्यापैकी कोणी तो आणलेला नव्हता. दुपारी टॅक्सीने वाशीला जाऊन आलो, त्यात सांगण्यासारखे विशेष काही नाही. परत आल्यावर रिसेप्शनवर गर्दी दिसली ती विमान कंपन्यांच्या गणवेशातल्या मुलामुलींची. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवाशांसाठी सुरू झाल्यापासून सुट्टीच्या दिवशीही खोल्या पूर्वीइतक्या रिकाम्या राहत नाहीत, असे तिथल्या मुलीने सांगितले. म्हणजे शनिवारच्या स्वस्त दराचे दिवस फार उरलेले नसावेत.

संध्याकाळी सहा वाजता खालच्या हिरवळीवर खुर्च्या मांडायला सुरुवात झाली. लग्नाच्या आदल्या रात्रीचा संगीताचा कार्यक्रम होता. आईला आधी मौज वाटली. खिडकीत बसून तिने नवरीची आई कोणती, मावशी कोणती हे लुगड्यांवरून ओळखण्याचा खेळ केला, आणि वरून टक्कल व पदर एवढेच दिसत असूनही ती बहुतेक बरोबर असावी. दहाच्या ठोक्याला हिरवळीवरचे कर्णे बंद झाले, कारण रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. पण ध्वनिप्रदूषणाच्या सन २००० च्या त्याच नियमांत बंदिस्त सभागृहांना सूट आहे. सगळे वऱ्हाड तळमजल्यावरच्या सभागृहात गेले आणि तिथे नव्या दमाने सुरुवात झाली. सूर वरपर्यंत येत नव्हते, ठोका मात्र येत होता. तो खांबांतून चढत असावा. कपाटातल्या हँगरांची एकमेकांवर बारीक किणकिण चालू होती आणि आईच्या पाण्याच्या पेल्यात मध्यभागी गोल लहरी उठत होत्या. ती त्या लहरींकडे पाहत बसली होती. झोप येत नाही असे ती म्हणाली नाही, पण तिची रक्तदाबाची गोळी साडेदहाची असते आणि ती घेतल्यावर तिला झोपावे लागते.

अकराला मी खाली फोन केला. रात्रीचा व्यवस्थापक स्वतः वर आला, त्याने माफी मागितली आणि नवव्या मजल्यावर मागच्या बाजूची एक खोली देऊ केली. देताना तो अवघडला होता. "मॅडम, तिकडे आवाज नाही, पण व्ह्यू पण नाही. नुसती एमआयडीसी दिसते. ती खोली आम्ही शक्यतो शेवटी देतो." मी लगेच होकार दिला. आई गाऊनवर शाल गुंडाळून, औषधांचा डबा हातात धरून लिफ्टमध्ये उभी राहिली आणि पाच मिनिटांत आम्ही नव्या खोलीत होतो. पडदे ओढलेलेच होते. इथेही न्हाणीघराला काच होती. आता बटण कुठे असते ते आम्हाला ठाऊक होते.

रविवार

मला जाग आली तेव्हा सात वाजून गेले होते. खोलीत उजेड होता. पडदे पूर्ण उघडलेले, आणि आई खुर्ची काचेजवळ ओढून किटलीत केलेला चहा घेत बसली होती.

समोर खरोखरच नुसती एमआयडीसी होती. पत्र्याची छपरे, गंजलेले नळ, पाण्याच्या टाक्या, मधूनच निळ्या काचेची आयटी कंपनीची इमारत, दोन-तीन धुराडी आणि या सगळ्यामागे पारसिकच्या डोंगरांची रांग, दगडखाणींनी कुरतडलेली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि त्याच दशकात खाडीपलीकडची ही जमीन कारखान्यांसाठी आखली गेली. कागदोपत्री तिचे नाव ट्रान्स ठाणे क्रीक, सगळे जण टीटीसी म्हणतात. नवी मुंबई या नावाचे शहर त्यानंतरचे.

माझे वडील इथे चोवीस वर्षे कामाला होते. १९७४ ते १९९८, एका रासायनिक कारखान्यात देखभाल विभागात फिटर म्हणून. ठाण्यात 'तीन पेट्रोल पंप' म्हणतात त्या ठिकाणी कंपनीची बस यायची. पाळ्या तीन : सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. लहानपणी आमच्या घराचे घड्याळ या पाळ्यांवर चाले. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत घरात कुजबुजत बोलायचे असा कायदा होता. हे सगळे मला माहीत होते. खोली आरक्षित करताना ते माझ्या मनात आले नाही, हेही खरे आहे. मी दर पाहत होते.

"ती बघ," आई म्हणाली, "तो डोंगर बघ. डावीकडून दुसरा, घास घेतल्यासारखा दिसतोय तो. त्याच्या बरोबर खाली यांची कंपनी."

तिने कंपनी एकदाच पाहिली होती. दसऱ्याला यंत्रांची पूजा असे आणि त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत सोडत. तेव्हा हा डोंगर तिने कंपनीच्या आवारातून, खालून पाहिला होता, आणि तेव्हाही खाणीने त्याला लचका तोडल्यासारखा आकार आलेला होता; तो घास आता बराच मोठा झाला आहे, असे ती म्हणाली. कंपनी केव्हाच बंद पडली. तिच्या जागी नेमके काय आहे ते नवव्या मजल्यावरून कळत नव्हते. मला तिथे एक लांबट राखाडी गोदाम दिसत होते, आईच्या मते ते गोदाम पुढच्या भूखंडावर होते आणि कंपनीची जागा झाडी माजली होती तिथे. यावर आमचा थोडा वाद झाला. तिने पूजेच्या दिवशी बस कुठून वळली, फाटकापासून किती पावले चालल्यावर वडिलांचे खाते आले, डावीकडे कँटीन आणि त्याच्यासमोर हात धुण्याच्या नळांची ओळ कशी होती, हे काचेवर बोटाने काढून दाखवले. काचेवर तिच्या बोटाचा तेलकट नकाशा उमटला. डोंगराच्या आकारावर जुळवून पाहिल्यावर तिचेच बरोबर वाटू लागले.

खालच्या रस्त्यावर एका कारखान्याच्या फाटकातून माणसे बाहेर पडू लागली होती. रविवार असूनही तिथे काम चालू असावे. पाच-पन्नास माणसे, पाठीला पिशव्या, काही जण दुचाकी ढकलत, काही फाटकासमोरच्या चहाच्या टपरीभोवती.

"रात्रपाळी सुटली," आई म्हणाली, आणि तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. सात वाजून वीस मिनिटे झाली होती. "वेळेत सोडतात म्हणजे."

त्या सकाळी ती न्याहारीला नऊ वाजेपर्यंत खाली उतरली नाही. मी दोनदा सुचवून पाहिले. साडेआठच्या सुमारास कालचाच पर्यवेक्षक डोकावला, खोली बदलावी लागल्याबद्दल त्याच्याही वतीने दिलगिरी व्यक्त केली आणि काचेवरचे ठसे पाहून खिशातले फडके काढू लागला. आईने त्याला थांबवले. "आम्ही गेल्यावर पुसा," ती म्हणाली. त्याने फडके परत खिशात ठेवले आणि मग त्या काचेतून तोही काही वेळ बाहेर पाहत राहिला. त्याचे वडील कुठल्या कंपनीत होते असे आईने त्याला विचारले, कारण जमीन गेलेल्या बऱ्याच घरांतले कोणी ना कोणी याच पट्ट्यात कामाला लागले होते. तो म्हणाला, "कायम नाही झाले, आजी. कंत्राटावरच होते." त्यावर दोघेही गप्प झाले.

खोली बाराला सोडायची होती. साडेअकराला बिल हाती आले. आईने चष्मा लावून ते ओळीओळीने वाचले. खोलीचे दोन रात्रींचे १४,४०० रुपये आणि त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ७२० रुपये. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर आहे, त्याआधी १२ टक्के होता. आणि साडेसात हजारांच्या वरच्या खोलीवर १८. दोन रात्रींच्या जेवणाचे ४,३०० रुपये, त्यावर मात्र १८ टक्के, म्हणजे ७७४. ज्या हॉटेलात आदल्या वर्षात एखादी खोली साडेसात हजारांहून महाग दिली गेली असेल, तिथल्या उपाहारगृहाला १८ टक्के लागतात, मग तुमची स्वतःची खोली कितीलाही का असेना. "निजायला पाच टक्के आणि वरणभाताला अठरा?" असे आईने रिसेप्शनवरच्या मुलीला विचारले. तिने अतिशय गंभीरपणे "हो, मॅडम" असे उत्तर दिले. खोली बदलावी लागली म्हणून शनिवारच्या जेवणाचे पैसे कमी करू का, असे व्यवस्थापकाने विचारले. मी हो म्हणायच्या आत आईने नको म्हटले.

परतताना हॉटेलच्या मुलाने फाटकाबाहेर जाऊन रिक्षा थांबवून ठेवली आणि या वेळी चढणीऐवजी उतार होता. तुर्भ्याला रविवार दुपारची गाडी अर्धी रिकामी होती. आईने उजवीकडची खिडकी मागून घेतली, कारण ठाण्याकडे जाताना रस्ता, कारखाने आणि डोंगर उजव्या हाताला येतात. कोपरखैरणे मागे पडेपर्यंत ती मान वळवून त्या घास घेतलेल्या डोंगराकडे पाहत होती. खालून तो नीट ओळखू येत नव्हता. रबाळ्याला तिचा डोळा लागला. दिघा गाव गेल्यावर मी तिला हलवून जागे केले, कारण ठाण्याला गाडी पुरती थांबायच्या आतच चढणारे आत घुसतात आणि आपल्याला दाराशी आधीपासून उभे राहावे लागते.